हॅलॉन १२११ चे पर्याय (विमान वाहतूक)

हॅलॉन १२११ चे पर्याय म्हणजे विमानाच्या प्रवासी कक्षात व कॉकपिटमध्ये ठेवलेल्या, हातात धरून वापरायच्या अग्निशामक यंत्रांमध्ये हॅलॉन १२११ ऐवजी भरण्यासाठी विकसित केलेली, पर्यावरणास कमी हानिकारक अग्निशामक द्रव्ये होत. हॅलॉन १२११ मुळे ओझोन थराचा ऱ्हास होतो. त्यामुळे माँट्रियल करारान्वये विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९४ पासून बंद झाले. विमानांतील त्याचा वापर मात्र पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिला. आग विझवण्याची क्षमता, बंदिस्त कक्षातील माणसांची सुरक्षितता, कमी वजन आणि पर्यावरणीय सुरक्षितता या चारही कसोट्यांना एकाच वेळी उतरणारे द्रव्य मिळणे कठीण होते, हे या विलंबाचे मुख्य कारण होय. २००० च्या दशकात उपलब्ध झालेले पर्याय जड होते व त्यांतील काहींची जागतिक तापमानवाढ क्षमता हॅलॉनपेक्षाही जास्त होती. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले २-ब्रोमो-३,३,३-ट्रायफ्लुओरोप्रोपीन (संक्षेपाने २-बीटीपी) हे द्रव्य या चारही कसोट्यांच्या सर्वांत जवळ जाणारे मानले जाते.

## हॅलॉन १२११

हॅलॉन १२११ चे रासायनिक नाव ब्रोमोक्लोरोडायफ्लुओरोमिथेन असे आहे. नावातील चार अंक रेणूतील अनुक्रमे कार्बन, फ्लोरिन, क्लोरीन व ब्रोमीन यांच्या अणूंची संख्या दर्शवतात. एक कार्बन, दोन फ्लोरिन, एक क्लोरीन आणि एक ब्रोमीन म्हणून १२११. याच पद्धतीनुसार इंजिने व सामानकक्ष यांच्या स्थिर अग्निशमन प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या ब्रोमोट्रायफ्लुओरोमिथेनला हॅलॉन १३०१ म्हणतात.

हॅलॉन १२११ चा उत्कलनबिंदू सुमारे उणे ४ अंश सेल्सियस आहे. दाबाखाली ते द्रवरूपात साठवता येते. नळीतून बाहेर पडताना त्याची धार काही अंतरापर्यंत द्रवरूपात जाते आणि मग वाफ होऊन पसरते. त्यामुळे वापरणाऱ्याला आगीपासून दूर उभे राहता येते, तसेच भिंतीच्या पॅनेलमागील किंवा छतावरील पोकळीतही वायू शिरू शकतो. ते वीजवाहक नाही आणि मागे अवशेष ठेवत नाही, म्हणून विद्युत उपकरणांच्या आगीवरही ते चालते.

आग विझवण्याची त्याची क्षमता प्रामुख्याने रासायनिक आहे. ज्वाळेत रेणू तुटून ब्रोमीन मोकळे होते. हे ब्रोमीन ज्वलनाची साखळी चालू ठेवणाऱ्या हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मूलकांना बांधून टाकते आणि पुन्हा मोकळे होऊन तेच कार्य करत राहते. अशा उत्प्रेरक क्रियेमुळे थोड्या द्रव्यात मोठी आग आटोक्यात येते.

## विमानांतील वापराची पार्श्वभूमी

उडत्या विमानात आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग नसतो व बाहेरून मदतही मिळत नाही. जमिनीवर उतरेपर्यंत आग रोखण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यांच्या हातातील यंत्रावर असते.

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या उड्डाणात, डीसी-९ विमानाच्या मागील स्वच्छतागृहाच्या भागात आग लागली. कर्मचाऱ्याने कार्बन डायऑक्साइडचे यंत्र स्वच्छतागृहात वापरले, परंतु आग भिंतींच्या मागे असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. विमान सिनसिनाटी येथे उतरवण्यात आले. दरवाजे उघडल्यानंतर थोड्याच वेळात आग एकदम भडकली आणि विमानातील ४६ जणांपैकी २३ जण मृत्युमुखी पडले. या अपघातानंतर अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) प्रवासी विमानांत हॅलॉन १२११ ची यंत्रे ठेवणे बंधनकारक केले.

विमानात अशी किती यंत्रे असावीत हे आसनसंख्येवरून ठरते. अमेरिकी नियमांनुसार ६१ ते २०० आसनांच्या विमानाच्या प्रवासी कक्षात किमान तीन यंत्रे लागतात व त्यांपैकी किमान दोन हॅलॉन १२११ किंवा त्याच्या तोडीच्या द्रव्याची असावी लागतात. ‘तोडीचे द्रव्य’ म्हणजे काय, या प्रश्नाभोवतीच पुढील संशोधन केंद्रित झाले.

## ओझोन थरावरील परिणाम व उत्पादनबंदी

हॅलॉन १२११ चे वातावरणीय आयुर्मान सुमारे १६ वर्षे आहे. तपांबरात त्याचा मोठा भाग टिकून राहतो आणि स्थितांबरात पोहोचल्यावर अतिनील किरणांनी तुटतो. ओझोनचा नाश करण्यात ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या अणूपेक्षा सुमारे ६० पट प्रभावी असतो. माँट्रियल करारात सीएफसी-११ ची ओझोनक्षय क्षमता १ धरून हॅलॉन १२११ साठी ३ आणि हॅलॉन १३०१ साठी १० हे मूल्य दिले आहे.

माँट्रियल करारावर १६ सप्टेंबर १९८७ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. १९९२ च्या कोपनहेगन दुरुस्तीनुसार विकसित देशांत १ जानेवारी १९९४ पासून हॅलॉनचे उत्पादन बंद झाले. विकसनशील देशांसाठी १ जानेवारी २०१० ही मुदत होती. भारताने १९९२ मध्ये कराराला मान्यता दिली. करारानुसार बंदी उत्पादनावर होती. आधी तयार झालेले हॅलॉन जमा करून, शुद्ध करून पुन्हा वापरण्यास मुभा होती. विमान वाहतूक क्षेत्र याच पुनर्वापरित साठ्यावर अवलंबून राहिले.

हा साठा मर्यादित आहे, तसेच त्याच्या शुद्धतेचाही प्रश्न असतो. २००९ मध्ये युरोपात पुनर्वापरित हॅलॉन १२११ चा काही साठा भेसळयुक्त असल्याचे उघड झाले आणि युरोपीय विमान सुरक्षा संस्थेला (ईएएसए) संबंधित यंत्रे विमानांतून काढून घेण्याचे निर्देश द्यावे लागले.

## पर्यायाच्या कसोट्या

अटलांटिक सिटीजवळील एफएएच्या विल्यम जे. ह्यूज तांत्रिक केंद्रात, आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या सहभागाने, हातातील अग्निशामक यंत्रांसाठी किमान कार्यक्षमता मानक तयार करण्यात आले. ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या अग्निशमन श्रेणीखेरीज त्यात विमानासाठी खास अशा दोन चाचण्या आहेत.

* लपलेल्या आगीची चाचणी: अडथळे असलेल्या बंद कोठीत वेगवेगळ्या ठिकाणी हेप्टेन इंधनाच्या लहान पात्रांत आगी पेटवल्या जातात. यंत्राची धार थेट पोहोचत नसतानाही द्रव्य पसरून त्यांपैकी किती आगी विझवते, हे हॅलॉन १२११ च्या तुलनेत पाहिले जाते.
* आसनाच्या आगीची व विषारीपणाची चाचणी: पेट्रोल ओतून पेटवलेल्या विमान-आसनांवर यंत्र वापरले जाते. आग विझते की नाही आणि त्या वेळी निर्माण होणारे वायू माणसाला सोसण्याजोगे आहेत का, हे मोजले जाते.

दुसरी चाचणी महत्त्वाची असण्याचे कारण असे की, फ्लोरिनयुक्त द्रव्य ज्वाळेत तुटल्यावर हायड्रोजन फ्लोराइड हा दाहक वायू तयार होतो. द्रव्य आग विझवण्यास जितका वेळ घेते, तितका हा वायू वाढतो.

मूळ द्रव्याचा शरीरावरील परिणामही तपासला जातो. अशी अनेक द्रव्ये जास्त प्रमाणात श्वासावाटे गेल्यास हृदय ॲड्रेनलिनला अतिसंवेदनशील होते व त्याची लय बिघडू शकते. हॅलॉन १२११ च्या बाबतीत ०.५ टक्के प्रमाणापर्यंत असा परिणाम आढळत नाही, १ टक्क्याला आढळतो. ट्रायफ्लुओरोआयडोमिथेन हे द्रव्य आग विझवण्यात प्रभावी आणि वातावरणात अल्पायुषी असूनही मागे पडले ते याच कारणाने. त्याचा परिणाम ०.४ टक्के इतक्या कमी प्रमाणातच दिसून येतो. उंचीवर कक्षातील हवेचा दाब कमी असल्याने तेवढ्याच द्रव्याचे हवेतील प्रमाण वाढते. म्हणून कक्षाचे आकारमान, दाब आणि हवा बदलण्याचा वेग लक्षात घेऊन कमाल द्रव्याची मर्यादा ठरवली जाते.

पाणी, कोरडी भुकटी व कार्बन डायऑक्साइड हे जुने पर्याय विमानात पूर्णपणे चालत नाहीत. पाणी विद्युत व इंधनाच्या आगीवर वापरता येत नाही. भुकटीमुळे कॉकपिटमध्ये दिसेनासे होते आणि तिच्या अवशेषांनी उपकरणे खराब होऊ शकतात. कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात लागतो व बंदिस्त जागेत गुदमरण्याचा धोका असतो.

## पहिल्या पिढीतील पर्याय

किमान कार्यक्षमता मानकाला प्रथम तीन द्रव्ये उतरली: एचएफसी-२२७ईए, एचएफसी-२३६एफए आणि एचसीएफसी मिश्रण-बी. मिश्रण-बीमध्ये मुख्यतः एचसीएफसी-१२३ असून त्यासोबत टेट्राफ्लुओरोमिथेन व आर्गॉन असतात.

दोन्ही एचएफसींमध्ये ब्रोमीन नाही. ती ज्वाळेतील उष्णता शोषून आग विझवतात, त्यामुळे द्रव्य जास्त लागते. हॅलॉन १२११ चे सुमारे १.१ किलोग्रॅम द्रव्य ज्या श्रेणीसाठी पुरते, त्याच श्रेणीसाठी या तिन्ही पर्यायांचे साधारण दुप्पट किंवा अधिक द्रव्य लागते. यंत्र मोठे झाल्याने त्याची जागा व आधारपट्ट्या बदलाव्या लागतात. वाढलेले वजन विमानाच्या संपूर्ण आयुष्यभर वाहून न्यावे लागते व त्यासाठी इंधन जळते.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही हे उत्तर अपुरे होते. एचएफसींपासून ओझोनला धोका नाही, परंतु ती प्रबळ हरितगृह वायू आहेत. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. एचसीएफसी-१२३ ओझोनक्षय करणारे असल्याने मुळातच माँट्रियल कराराच्या कक्षेत येते. एका कराराच्या पालनासाठी निवडलेला पर्याय त्याच कराराच्या पुढील दुरुस्तीत अडकण्याची शक्यता असल्याने विमान उद्योगाने दीर्घकाळ टिकेल अशा द्रव्याची वाट पाहणे पसंत केले.

## २-बीटीपी

२-बीटीपी हे ब्रोमीनयुक्त द्रव्य आहे. हॅलॉनमधील ज्या गुणामुळे आग विझते, तो ब्रोमीन अणू यातही आहे. फरक आहे तो रेणूतील कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचा. तपांबरातील हायड्रॉक्सिल मूलके या बंधावर सहज हल्ला करतात आणि रेणू सुमारे आठवडाभरातच तुटतो. मोकळे झालेले बहुतेक ब्रोमीन पाण्यात विरघळणाऱ्या संयुगांच्या रूपाने पावसाबरोबर खाली येते, स्थितांबरापर्यंत पोहोचत नाही. आगीवरील परिणाम कायम ठेवून ओझोनवरील परिणाम टाळणे यामुळे शक्य झाले.

त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३४ अंश सेल्सियस असल्याने ते धारेच्या रूपात लांबपर्यंत जाते. हृदयावरील परिणामाची मर्यादा हॅलॉन १२११ इतकीच, म्हणजे ०.५ टक्के आहे. यंत्राचे वजन हॅलॉनच्या यंत्रापेक्षा काहीसे अधिक, परंतु पहिल्या पिढीतील पर्यायांपेक्षा कमी भरते. बोइंग कंपनीने त्याच्या विकासात भाग घेतला असून ते ‘हॅलोट्रॉन बीआरएक्स’ या व्यापारी नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली. हातातील यंत्रांमध्ये ही मान्यता त्या वेळी केवळ विमानांतील वापरापुरती होती.

### मर्यादा

दुहेरी बंध व हायड्रोजन अणू यांमुळे २-बीटीपी काही परिस्थितींत स्वतःच इंधनासारखे वागू शकते. सामानकक्षात एरोसोल डबा फुटल्याच्या एफएएच्या चाचणीत, आग पूर्ण दडपण्यास अपुऱ्या प्रमाणात ते असताना स्फोटाचा दाब कमी होण्याऐवजी वाढला. म्हणून सामानकक्षातील हॅलॉन १३०१ ला ते एकट्याने पर्याय ठरू शकले नाही. हातातील यंत्राचा उपयोग उघड्या कक्षात, कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर व थेट आगीवर होत असल्याने तेथे ही अडचण त्याच स्वरूपात येत नाही.

## तुलना

| द्रव्य | ओझोनक्षय क्षमता | वातावरणीय आयुर्मान | जागतिक तापमानवाढ क्षमता (१०० वर्षे) |
|---|---|---|---|
| हॅलॉन १२११ | ३ | सुमारे १६ वर्षे | १,७५० |
| एचसीएफसी-१२३ (मिश्रण-बीचा मुख्य घटक) | ०.०२ | सुमारे १.३ वर्षे | ७९ |
| एचएफसी-२२७ईए | ० | सुमारे ३९ वर्षे | ३,३५० |
| एचएफसी-२३६एफए | ० | सुमारे २४२ वर्षे | ८,०६० |
| २-बीटीपी | सुमारे ०.००३ | सुमारे ७ दिवस | १ पेक्षा कमी |

अत्यल्प आयुष्य असलेल्या द्रव्यांची ओझोनक्षय क्षमता ती कोणत्या अक्षांशावर सोडली जातात यावर अवलंबून असते. त्यामुळे २-बीटीपीचे मूल्य अंदाजे समजावे.

## नियम व मुदती

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयसीएओ) हॅलॉन हटवण्याचे ठराव केले आणि शिकागो कराराच्या परिशिष्ट ६ मध्ये मुदती घातल्या. हातातील यंत्रांसाठी प्रथम ३१ डिसेंबर २०१६ ही तारीख होती. योग्य द्रव्य वेळेत उपलब्ध न झाल्याने ती ३१ डिसेंबर २०१८ अशी पुढे ढकलण्यात आली. या तारखेपासून उड्डाणयोग्यतेचे पहिले प्रमाणपत्र मिळवणाऱ्या विमानांना ही अट लागू होते. जुन्या विमानांतील यंत्रे बदलण्याची सक्ती तिच्यात नाही.

युरोपीय संघाने अधिक कठोर भूमिका घेतली. २०१० च्या नियमावलीत तेथील विमानांच्या हातातील यंत्रांत हॅलॉन वापरण्याची अखेरची तारीख ३१ डिसेंबर २०२५ अशी ठरवण्यात आली. सामानकक्ष व इंजिने यांच्यासाठी हीच मुदत २०४० पर्यंत होती.

## उर्वरित प्रश्न

मोबाइल फोन व लॅपटॉप यांतील लिथियम बॅटऱ्यांच्या आगी हे विमानकक्षातील तुलनेने नवे आव्हान आहे. हॅलॉन किंवा त्याचा पर्याय बॅटरीबाहेरील ज्वाळा विझवतो, पण आतील तापमान खाली आणत नाही. शेजारचे सेल तापून पुन्हा पेट घेऊ शकतात. म्हणून ज्वाळा विझल्यावर पाणी किंवा अन्य अल्कोहोलविरहित पेय ओतून उपकरण थंड करण्याची सूचना एफएए देते.

दुसरा प्रश्न फ्लोरिनयुक्त ‘पीएफएएस’ संयुगांसंबंधी आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येनुसार पूर्ण फ्लोरिनयुक्त मिथिल गट असलेले रेणू या वर्गात मोडतात. २-बीटीपी तसेच वर उल्लेखलेली दोन्ही एचएफसी या व्याख्येत बसतात. या वर्गावर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय संघात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

## हेही पाहा

* माँट्रियल करार
* ओझोन थर
* किगाली दुरुस्ती
* अग्निशामक यंत्र
* आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना