भागविभाजन : झी टेलिफिल्म्स

संयुक्त भांडवल कंपनीने आपल्या प्रत्येक भागाचे (शेअरचे) दर्शनी मूल्य कमी करून त्याच प्रमाणात भागांची संख्या वाढविणे, यास भागविभाजन म्हणतात. विभाजनाने कंपनीकडे नवे भांडवल येत नाही, राखीव निधीस हात लागत नाही आणि भागधारकाचा कंपनीतील हिस्सा पूर्वी होता तेवढाच राहतो. दर्शनी आकडा व प्रत्यक्ष मूल्य यांतील भेद मराठवाड्यातील व्यापाऱ्यांना नवा नव्हता. निजामी राजवटीत जालन्यासारख्या पेठेत हाली व कलदार असे दोन रुपये माहीत होते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. रुपयांची संख्या बदलली, तरी मालाचे मोल बदलत नसे. भागांच्या बाबतीत मात्र हा साधा हिशेब अनेकदा नजरेआड झाला. दूरचित्रवाणी क्षेत्रातील मुंबईच्या झी कंपनीचा इतिहास त्याचे उदाहरण होय.

ही कंपनी 1982 मध्ये वेगळ्या नावाने नोंदली गेली. सुभाष चंद्र यांच्या पुढाकाराने 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही ही वाहिनी सुरू झाली व 1993 मध्ये कंपनीचे भाग जनतेस विक्रीसाठी खुले झाले. त्या काळी भारतीय कंपन्यांचे भाग सामान्यतः 10 किंवा 100 रुपये दर्शनी मूल्याचेच असत. जून 1999 मध्ये भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबीने) हे बंधन काढून टाकले; मूल्य एक रुपयाहून कमी व अपूर्णांकात नसावे, एवढीच अट ठेवली. त्याच वर्षी झी टेलिफिल्म्सने 10 रुपयांच्या एका भागाचे 1 रुपयाचे दहा भाग केले, म्हणजे अनुज्ञेय अशी सर्वांत खालची पायरी गाठली. कंपनी अधिनियम, 1956 च्या कलम 94 प्रमाणे अशा बदलास सर्वसाधारण सभेची संमती लागे.

विभाजनाची वेळ महत्त्वाची आहे. माहिती तंत्रज्ञान व माध्यम क्षेत्रांतील भागांना तेव्हा अभूतपूर्व तेजी आली होती. एका भागाची किंमत आवाक्यात आली की लहान गुंतवणूकदार बाजारात उतरतो, हा विभाजनाचा नेहमीचा हेतू. परंतु स्वस्त दिसणे आणि स्वस्त असणे या भिन्न गोष्टी आहेत. केतन पारेख या दलालाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या भागांच्या गटात झीचीही गणना होई. फेब्रुवारी 2000 मध्ये या भागाच्या किंमतीने शिखर गाठले आणि 2001 च्या सप्टेंबरपर्यंत तिचा नऊ-दशांशाहून अधिक अंश नाहीसा झाला. विभाजनामुळे किंमत दशांश होते तेव्हा भागधारकाचे काही जात नाही, कारण भाग दहापट झालेले असतात. दुसरी घसरण तशी नव्हती. तीत शिखरावर खरेदी करणाऱ्यांची पुंजी गेली.

2006 मध्ये वृत्तवाहिन्या, केबल व थेट उपग्रह प्रक्षेपण हे व्यवसाय वेगळे करण्यात आले व भागधारकांस त्या कंपन्यांचे भाग मिळाले. मूळ कंपनी 2007 पासून झी एंटरटेनमेंट एंटरप्रायझेस या नावाने ओळखली जाऊ लागली. 2010 मध्ये तिने एकास एक बक्षीस भाग दिले. बक्षीस भागात राखीव निधीचे रूपांतर भागभांडवलात होते, दर्शनी मूल्य मात्र तेच राहते; विभाजनाहून हा प्रकार म्हणूनच वेगळा. 2014 मध्ये प्रत्येक सामान्य भागामागे 1 रुपयाचे 21 अग्रहक्क भाग 6 टक्के लाभांशाने देण्यात आले. 1999 पूर्वीचे 100 भाग जपून ठेवणाऱ्याकडे अशा रीतीने विभाजनानंतर 1,000 व 2010 नंतर 2,000 सामान्य भाग झाले आणि 2014 मध्ये त्यास 42,000 अग्रहक्क भाग मिळाले. पुढे दहा अग्रहक्क भागांचा 10 रुपयांचा एक भाग करून त्यांचे एकत्रीकरण झाले. हे विभाजनाच्या नेमके उलट होय. 42,000 चे 4,200 झाले, पण 42,000 रुपयांचे दर्शनी भांडवल तेवढेच राहिले. 2018 ते 2022 या काळात त्याची हप्त्यांनी परतफेड झाली.

विभाजनाचे परिणाम सूक्ष्म असतात. लाभांश दर्शनी मूल्याच्या टक्केवारीत जाहीर होतो. 100 टक्के म्हणजे पूर्वी भागास 10 रुपये, विभाजनानंतर 1 रुपया. प्राप्तिकरासाठी मूळ खरेदीमूल्य नव्या भागांत विभागले जाते आणि धारणकाल मूळ तारखेपासून मोजतात. बक्षीस भागाचे खरेदीमूल्य सामान्यतः शून्य धरतात. कागदी प्रमाणपत्रे बाळगणाऱ्यांस अधिक अडचण येते. सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी भागांचे हस्तांतरण 1 एप्रिल 2019 पासून बंद झाले, तसेच सात वर्षे सलग लाभांश न उचलल्यास भाग केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसाला जुने 10 रुपयांचे प्रमाणपत्र सापडले, तर त्याला आधी त्याचे आजचे रूप शोधावे लागते.

मताधिकार हिश्श्याच्या प्रमाणात असल्याने विभाजनाने तोही बदलत नाही. तो बदलतो खरेदी-विक्रीने. समूहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रवर्तकांनी 2019 मध्ये मोठ्या प्रमाणावर भाग विकले व त्यांचा हिस्सा पुढे सुमारे 4 टक्क्यांवर आला. 28 नोव्हेंबर 2024 च्या वार्षिक सभेत पुनीत गोएंका यांच्या संचालकपदावरील फेरनियुक्तीच्या ठरावास निम्मी मतेही मिळाली नाहीत व तो नामंजूर झाला.