बॉम्बची पोथी आणि सेनापतींचा झाडू

बॉम्बतज्ज्ञांवरचे सिनेमे तुम्ही पाहिलेच असतील. बहुतेक बेताचेच असतात. टिकटिकणारं घड्याळ, घामाघूम झालेला नायक, दोन तारा. बरोबर तार कापली की प्रश्न मिटला. बॉम्ब कुणी केला आणि का केला, याच्या वाट्याला तिथे दोन-चार वाक्यं येतात. आज त्या दोन-चार वाक्यांबद्दलच बोलू. त्यासाठी लेण्याद्रीच्या या पायथ्यापासून फार लांब जायला नको. जुन्नरची हद्द ओलांडली की पारनेर तालुका लागतो. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, तिथले.

बापटांचा जन्म १८८० चा. डेक्कन कॉलेजात शिकले, शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली एडिंबरोला गेले. तिथे सरकारविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांशी गाठ पडली. सोबत बंगालचे हेमचंद्र दास कानुनगो होते, जे घरदार विकून ही विद्या शिकायला आले होते. तिथून बॉम्ब बनवण्याची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तिच्या प्रती निघाल्या आणि १९०८ साली बापट ती घेऊन मायदेशी परतले.

पुढचं लक्ष देऊन ऐका. हेमचंद्रांनी न्यायाधीश किंग्जफर्डसाठी कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ आतून पोखरून त्यात बॉम्ब बसवला. पुस्तक उघडलं की स्फोट! साहेबांनी ते न उघडताच ठेवून दिलं. कायद्याचं पुस्तक उघडलं नाही म्हणून न्यायाधीश वाचला! कुठल्या पटकथाकाराला हे सुचलं असतं? पण ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला याच किंग्जफर्डची समजून एका गाडीवर बॉम्ब पडला, आणि आत होत्या केनेडी कुटुंबातल्या दोन स्त्रिया. दोघी गेल्या. प्रफुल्ल चाकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदीराम बोस ११ ऑगस्टला फासावर गेला, जेमतेम अठरा वर्षांचा पोर.

सरकारने काय केलं? ८ जून १९०८ ला दोन कायदे केले, एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वर्तमानपत्रांना वेसण घालणारा. पहिला आजही लागू आहे. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त अग्रलेख आला, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. टिळकांच्या युक्तिवादाचा गाभा असा: बंदुकीला कारखाना लागतो, तिच्यावर बंदी घालता येते, बॉम्ब हे मुख्यतः ज्ञान आहे, आणि ज्ञानाला कुलूप कसं घालणार? २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पण मुद्दा खोटा ठरला नाही. १९०९ साली नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत त्या पुस्तिकेची प्रत सापडलीच.

ज्ञानाचं म्हणाल, तर आपल्या भागात सुरुंग कुणाला नवा आहे? विहिरीला खडक लागला की सुरुंग लावतात. दारू जवळपास तीच, हेतू पाण्याचा. मग फरक फक्त हेतूचा का? तत्त्वज्ञानाचा जुना विद्यार्थी म्हणून सांगतो, हे उत्तर अपुरं आहे. मुझफ्फरपूरच्या पोरांचा हेतू स्वातंत्र्याचाच होता. बापटांची भूमिका तर अशी की बॉम्बचा धडाका लोकांना जागं करण्यासाठी, जीव घेण्यासाठी नव्हे. पण विद्या एकदा हातातून सुटली की ती शिकवणाऱ्याचा हेतू विचारत बसत नाही.

बापट काही वर्षं भूमिगत राहिले, १९१२ ला पकडले गेले, १९१५ ला सुटले. आणि मग त्यांनी काय हाती घेतलं? झाडू. पारनेरचे रस्ते, मोऱ्या ते स्वतः साफ करत. १९२१ साली मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहात उतरले. धरणाने गाव जाणं म्हणजे काय, हे आंबेगावकरांना सांगायला नको. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगावच गेलं. १९२४ साली मुळशीत बापटांनी पुन्हा शस्त्र हाती घेऊन आगगाडी अडवली. तेव्हा त्यांना नुसते गांधीवादी म्हणून मोकळं होता येणार नाही. शस्त्र त्यांनी वर्ज्य मानलं नव्हतं. पण कृत्य करून ते पळाले नाहीत. सात वर्षांची शिक्षा घेतली.

मला कळीची गोष्ट इथे दिसते. बॉम्ब ठेवणारा स्फोटाच्या वेळी तिथे नसतो. कोण मरणार, हे तो पाहत नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या जर्मन बेकरीत सतरा माणसं गेली. बॅग ठेवणारा त्यांच्या टेबलाशी बसून राहिला नव्हता. झाडू मारणाऱ्याला मात्र पळता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत, त्याच माणसांसमोर यावं लागतं.

म्हणून क्रांतिकारक आणि दहशतवादी यांना एका मापाने मोजू नका. परकी, बेजबाबदार सत्ता आणि मत देऊन बदलता येणारं सरकार यांत अंतर आहे. पण क्रांतिकारकांचा आदर करायचा म्हणून केनेडी मायलेकींना हिशेबातून वगळूही नका. पोरांना खुदीरामची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या दोघींचीही सांगा. दोन्ही ऐकून पोरं प्रश्न विचारतील. विचारू द्या.