धार, गाल आणि तुरटी

वस्तरा नीट लागलाय की नाही हे बघायला पूर्वी गिऱ्हाइकाच्या गालाची गरज पडत नसे. ते काम न्हाव्याचा अंगठा करायचा. धोपटी सोडून तो उकिडवा बसला आणि वाटीतल्या पाण्यानं समोरच्याची दाढी भिजवून चोळायला लागला, की मधेच वस्तरा उघडून अंगठ्याचं पेर धारेला आडवं टेकवून बघायचा. समाधान झालं नाही तर दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर आणि शेवटी स्वतःच्या तळहातावर चार-सहा हात. समोरच्यानं फक्त मान वर करायची. वर्षाचं बलुतं ज्या कसबासाठी मिळे, त्यात धार पारखणंही आलंच. शिवाय दाढी व्हायची आठवड्याला, कुठे पंधरवड्याला. तीही अमावस्या, शनिवार टाळून. कुठे सोललं, कापलं, तरी कातडीला भरून यायला सवड मिळे.

मी ठाण्यात जनरल स्टोअर्स चालवलं. ब्लेडची पाकिटं काउंटरवरून सरकवता सरकवता एक वाक्य कायम कानावर पडायचं : "हे ब्लेड मला सूट होत नाही, दुसरं द्या." त्या तक्रारीच्या मुळाशी जावं असं मला मनापासून वाटत राहिलं. वाचून, विचारून, हाताळून माझं मत असं झालं आहे, की ब्लेड मानवतं की नाही हा प्रश्न वस्तऱ्याइतका जुना नाहीच. माणूस रोज आणि स्वतःच्या हातानं दाढी करायला लागला, तेव्हा तो उभा राहिला. धारेचा न्याय अंगठ्याकडून गालाकडे आला, आणि गाल प्रत्येकाचा निराळा.

किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो होता. वापरून टाकून द्यावी आणि लोकांनी पुन्हा घ्यायला यावं अशी एखादी वस्तू काढ, हे पेंटरनंच त्याच्या डोक्यात घातलं. १८९५ साली, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी, सकाळी दाढीला उभा असताना त्याला पातळ पत्र्याच्या, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पात्याची कल्पना सुचली. हाताला जपणारा वस्तरा त्याआधीही होता. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली त्याचं पेटंट घेतलं होतं. पण त्याचं पातं जाड, ते काढून पुन्हा पुन्हा पट्ट्यावर घासावं लागे. इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन ते सरळ ठेवायचं आणि वर धार लावायची, हे होणार नाही असं जाणकारांनी जिलेटला सांगितलं होतं. ते करून दाखवलं विल्यम निकरसन यांनी. हे एमआयटीत शिकलेले, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतले खरे नायक. नाव मात्र पाकिटावर जिलेटचं लागलं.

१९०३ साली ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. रेझर ५ डॉलरला आणि २० ब्लेड १ डॉलरला. साध्या कामगाराला हा खर्च जड होता. जाहिरातीत सांगत, की एकेका ब्लेडमध्ये २० ते ४० दाढ्या होतात. त्यामुळे ब्लेडची पहिली कसोटी ठरली ती टिकण्याची. गालाला कसं वाटतं हे विचारण्यात फारसा अर्थही नव्हता, कारण त्या रेझरमध्ये बसणारं ब्लेड एकाच कंपनीचं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. ती माणसं घरी परतली ती रोज दाढी करायची सवय घेऊनच. १९२१ साली जिलेटच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि इतरांनाही तशी ब्लेड काढता येऊ लागली. मग हेन्री गेसमन नावाच्या गृहस्थानं प्रोबॅक नावाचं ब्लेड आणलं. ते जिलेटच्या रेझरमध्ये बसे, पण जिलेटचं ब्लेड गेसमनच्या रेझरमध्ये बसत नसे. पेटंटवरून जुंपली आणि १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. सुरुवातीच्या ब्लेडला मधोमध तीन गोल भोकं असत. आज ब्लेड हातात घेतलं की मधे जी लांब, कातरलेली खाच दिसते, ती या भांडणानंतर रूढ झाली. त्या खाचेचे उपकार मोठे आहेत. जगातलं कुठलंही दुधारी ब्लेड तशा कुठल्याही रेझरमध्ये बसू लागलं. रेझर तोच ठेवून ब्लेड तेवढं बदलून बघता येऊ लागलं, आणि पारख करायची ती अशीच.

तरीही कित्येक वर्षं पारख टिकण्याभोवतीच फिरत राहिली, कारण ब्लेड कार्बन पोलादाचं. ओलं राहिलं की रात्रीत गंजायचं. माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसं दाढी झाली की रेझर उघडून ब्लेड पुसत, खोबरेल तेलाचं बोट लावून कागदात गुंडाळून ठेवत. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटानं दाबून ब्लेड पुढे-मागे घासत, म्हणजे आणखी दोन दाढ्या निघत.

हे चित्र १९६०च्या दशकात पालटलं. लंडनची विल्किन्सन स्वोर्ड ही तलवारींसाठी ओळखली जाणारी कंपनी. तिनं दशकाच्या सुरुवातीलाच लेप दिलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं. ते कार्बनच्या ब्लेडच्या कितीतरी पट टिकायचं. जिलेटसारख्या बलाढ्य कंपनीला उत्तर द्यायला १९६३ उजाडावं लागलं. टिकण्याचं गुपित पोलादात होतं, पण गालाच्या दृष्टीनं क्रांती केली ती लेपानं. नुसतं धार लावलेलं पोलाद कितीही तीक्ष्ण असलं तरी केसाला ओढतं. त्यावर टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाचा, डोळ्याला न दिसणारा थर भाजून बसवला, की तेच पातं केसातून सरळ निघून जातं. धार आणि मऊपणा हे दोन वेगळे गुण झाले. ब्लेड धारदार असूनही टोचू शकतं आणि थोडं कमी धारेचं असूनही सुखाचं वाटू शकतं, हे गिऱ्हाइकाला अनुभवानं कळलं, पण सांगता यायचं नाही. "चांगलं आहे, पण जळजळतं" एवढंच तो म्हणायचा.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी ब्लेडनी बाजार व्यापला. कोलकात्याच्या मल्होत्रांचं टोपाझ घरोघरी गेलं. आमच्या ठाण्यात वागळे इस्टेटीत विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना. त्यांचं सुपरमॅक्स समुद्रापार जायचं. १९८४ साली जिलेटनंही इथल्या उद्योगपतींबरोबर कंपनी काढली. त्यांचं सेव्हन ओ'क्लॉक राजस्थानातल्या भिवाडीहून येऊ लागलं. दुकानात पुठ्ठ्याच्या कार्डावर पाच-पाच ब्लेडची पाकिटं लटकत असायची आणि बरणीत सुटी ब्लेडही असत. सुटं ब्लेड दाढीसाठीच जाई असं नाही. शिंप्याला शिवण उसवायला, कॉलेजच्या मुलांना बॉटनीच्या प्रॅक्टिकलला खोडाचे काप घ्यायला, वस्तीतल्या दाईला नाळ कापायला कोरं ब्लेड लागे. दाईला मी सुटं कधीच दिलं नाही. बंद पाकिटातलंच द्यायचो.

याच काउंटरवर मला कळलं, की एकाच कार्डावरचं पाकीट एकाला बोथट वाटतं आणि दुसऱ्याला झोंबतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. राठ, दाट दाढीच्या माणसाला तीक्ष्ण पातंच हवं. मऊ पातं त्याचे केस ओढतं, मग तो दाबतो आणि दाबलं की कापतं. विरळ दाढीच्या, पातळ कातडीच्या माणसाला तेच तीक्ष्ण पातं केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही काढून देतं.

पारख कशी करावी हे मी विचारणाऱ्याला हात धरून सांगत आलो. रेझर, साबण, ब्रश, वेळ यातलं काही बदलायचं नाही, बदलायचं ते फक्त ब्लेड. दाढी दोन-तीन मिनिटं ओली राहू द्यायची, कारण पाणी प्यायलेला केस पुष्कळ कमी जोरात तुटतो. बोअरचं पाणी खारं असेल तर साबण नीट फुलत नाही आणि दोष फुकट ब्लेडवर येतो. गालावर कुठलंही ब्लेड चालतं, म्हणून गालाची साक्ष घ्यायची नाही. साक्ष घ्यायची हनुवटीची, नाकाखालच्या जागेची आणि मानेची. मानेवर केस आडवे, कुठे भोवऱ्यासारखे फिरलेले असतात. आधी सुलट हात, रेझरच्या स्वतःच्या वजनावर. कान द्यायचा : चांगलं चाललेलं ब्लेड एकसारखं, बारीक खरखरतं; न मानवणारं अडखळतं आणि आवाज तुटतो. मग गार पाण्यानं तोंड धुऊन ओल्या कातडीवर तुरटीचा खडा फिरवायचा. तुरटी थोडी सगळीकडेच चुरचुरते, पण जिथं ती टिपून झोंबते तिथं पापुद्रा गेलेला असतो. रक्त आलेलं नसतं, आरशात काही दिसत नसतं, तरी तुरटीला कळतं. दाढीचा खरा पंच मी तिलाच मानतो. संध्याकाळी पुन्हा मानेवरून हात फिरवायचा. लाल पुरळ उठलं असेल तर सकाळचा गुळगुळीतपणा हिशेबात धरायचा नाही.

पहिल्या दाढीवर निकाल द्यायचा नाही, हे मी सगळ्यात आग्रहानं सांगायचो. पहिल्या काही हातांत धारेवरचा जादा लेप निघून जातो, आणि पुष्कळ ब्लेड दुसऱ्या-तिसऱ्या दाढीला सर्वांत सुखाची चालतात. म्हणून पाचाचं एक पाकीट घ्यावं, कार्ड घेऊ नये. आणि आता हेही सांगतो, की एक ब्लेड वाईट निघालं म्हणून अख्ख्या पाकिटावर फुली मारू नये.

पाण्याचा मुद्दा मोठमोठ्या कंपन्यांच्याही नजरेतून सुटला. २००२ साली जिलेटनं भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर काढला. ब्लेडमध्ये अडकलेले केस ढकलून काढायला त्याला एक पट्टी होती. त्याची चाचणी घेतली ती एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर. तिथं प्रत्येकाच्या बेसिनला वाहता नळ. इथं बहुतेकांची दाढी पेलाभर पाण्यात, खाली बसून, छोट्या आरशात. त्या पाण्यात केस निघेनात आणि रेझर चालला नाही. नंतर कंपनीची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, दाढी कशी करतात ते पाहिलं आणि २०१० मध्ये गार्ड आला : एकच पातं, पटकन धुतलं जाणारं, रेझर १५ रुपयांना आणि पातं ५ रुपयांना. पातं कोणाला मानवतं हे त्याच्या पाण्यासकट तपासावं लागतं, हे त्या चुकीनं ठळकपणे दाखवलं.

न्हाव्यांनीही वस्तरा बदलला. एड्सची जाणीव पसरली तसा प्रत्येक गिऱ्हाइकाला कोरं ब्लेड देण्याचा आग्रह वाढला. आता न्हावी कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो. दिवसभरात नाना तऱ्हेच्या दाढ्यांवरून त्याचा हात फिरतो, म्हणून कुठलं ब्लेड कसं चालतं याबद्दल मी जाहिरातीपेक्षा त्याच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो.

केसासारखी मऊ गोष्ट पोलादाला बोथट कशी करते, याचा छडा लागला २०२० साली, तोही एमआयटीतच. जियानलुका रोशिओली या संशोधकानं स्वतःची दाढी करून ती पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. धार झिजून गोल होत असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिचे बारीक टवके उडालेले दिसले. केस पात्याला तिरका भेटला, वाकला, आणि नेमका त्या जागी पोलादाचा पोत एकसारखा नसला, की टवका उडतो. एकाच पाकिटातली दोन ब्लेड वेगळी चालतात हे माझी गिऱ्हाइकं सांगायची, तेव्हा आम्ही दुकानदार त्यांना वेड्यात काढायचो. धारेवरचा पोत जागोजागी वेगळा असू शकतो हे वाचल्यावर त्या तक्रारी मला खऱ्या वाटायला लागल्या. ब्लेड बदलायची वेळ आली हे ओळखायलाही आता मी दाढ्या मोजायला सांगत नाही. हनुवटीखाली दोन दिवस लागोपाठ तुरटी एकाच जागी झोंबली, की ते ब्लेड कागदात गुंडाळून, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागणार नाही असं डब्यात बंद करून टाकायचं.