गच्चीवरचं विमान आणि भंगारातलं इंजिन

फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या मैदानावर ‘मेक इन इंडिया’चं प्रदर्शन भरलं होतं, तुमच्यापैकी काहीजण गेलेही असाल. तिथे एक सहा आसनी विमान ठेवलं होतं. कॅप्टन अमोल यादव यांनी ते आपल्या बोरिवलीच्या अलीकडच्याच स्टेशनला, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. तिथून ते क्रेनने खाली उतरवावं लागलं. तेव्हा सगळे विचारत होते, विमान गच्चीवरून उतरवलं कसं? मला आज दुसराच प्रश्न विचारायचाय. घरी विमान बांधणारा माणूस इंजिन कुठून आणतो?

कारण बघा, सांगाडा गच्चीवर होतो. अॅल्युमिनियमचा पत्रा कापता येतो, रिव्हेट मारता येतात, चूक झाली तर परत करता येतं. इंजिन असं घरी घडत नाही. ते विकत घ्यायचं, नाहीतर जुनं आणून नव्याने बांधायचं. या दुसऱ्या वाटेवर एक इंजिन जगभरच्या हौशी लोकांचं लाडकं झालं, ते म्हणजे रोटरी.

इथे एक घोटाळा आधी मिटवू. रोटरी नावाची इंजिनं दोन. पहिलं फ्रान्सच्या सेगँ बंधूंचं ‘नोम’, १९०८-०९ च्या सुमाराचं. त्यात मधला दांडा स्थिर आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरायचे. त्याला वंगण लागायचं एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. आणि एरंडी पिकायची मुख्यतः आपल्याकडे. १९१८ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानातून एरंडीचं बियाणं नेऊन आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेरायला लावलं, ते याच विमानी वंगणासाठी. म्हणजे आपल्या आजीच्या बाटलीतलं एरंडेल पहिल्या महायुद्धाच्या आकाशात उडत होतं! पण ही इंजिनं थोडक्या तासांनी पूर्ण उघडून साफ करावी लागायची. युद्ध संपलं, तशी काही वर्षांत ती मागे पडली.

दुसरं रोटरी फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाचं. पहिला नमुना १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चालला. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. कमरेत जराशी दबलेली एक लंबगोल पोकळी आणि तिच्यात फिरणारा समोशासारखा फुगीर त्रिकोण. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू आळीपाळीने हवा ओढतात, दाबतात, जाळतात, बाहेर टाकतात. त्रिकोण एकदा फिरला की मधला दांडा तीनदा फिरतो. भाग कमी, थरथर कमी, वजन कमी. विमानवाल्याला आणखी काय हवं?

पण गोम त्रिकोणाच्या टोकांत आहे. तिथे पट्टीसारखे सील असतात, ते भिंतीवर घासत जातात. एनएसयूच्या १९६७ च्या आरओ ८० गाडीत हे सील लवकर झिजले, वॉरंटीत इंजिनं बदलून देताना कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये ती फोक्सवागनच्या पंखाखाली गेली. जपानमध्ये माझ्दाच्या केनिची यामामोतो यांच्या चमूला भिंतीवर लाटांसारखे ओरखडे दिसले. त्यांनी त्याला नाव दिलं ‘सैतानाची नखं’. सीलचं साहित्य बदलून त्यांनी ते आवरलं. पुढे १९७८ ते २००२ या काळात आरएक्स-७ च्या आठ लाखांवर गाड्या निघाल्या.

आणि इथेच आपली गोष्ट फिरते. या गाड्या जुन्या होऊन अमेरिकेच्या भंगारात गेल्या. तिथे १९५३ पासून हौशी विमानवाल्यांची संघटना होतीच. त्यांनी भंगारातून १३बी इंजिन उचललं, उघडलं, सील, स्प्रिंगा, पाण्याच्या रिंगा नव्या घातल्या, पुढे गिअरबॉक्स जोडला, कारण दांड्याचा वेग पंख्याला झेपत नाही. तेल थंड करायला मोठा रेडिएटरही लागतो, या इंजिनात बरीचशी उष्णता तेलातूनच बाहेर न्यावी लागते.

आता आपल्याकडे या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा, साकीनाक्याच्या लेथवाल्यांकडे जा. फिअॅटचं इंजिन उतरवायला, बोअर करायला, ओव्हरसाइज पिस्टन टाकायला सांगा, काम होईल. आपली सगळी कारागिरी बोअर करण्यावर उभी आहे. रोटरीत ते चालत नाही! आतल्या भिंतीवर क्रोमचा थर असतो. तो उडाला की भिंत कापून मोठी करता येत नाही, तो भागच बदलावा लागतो. आणि माझ्दाच्या रोटरी गाड्या इथे शोरूममध्ये कधी विकल्याच गेल्या नाहीत. मग भंगारात त्या येणार कुठून? हात आहेत, भाग नाहीत.

म्हणून मला वाटतं, घरचं विमान एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहतं हे अर्धंच खरं. त्याच्या पाठीशी शेजारचा बाजार लागतो, तिथे ओळखीचं इंजिन लागतं, ते शंभरदा उघडलेले मिस्त्री लागतात. आणि कागदही लागतो. यादवांच्या विमानाला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, प्रदर्शनानंतर पावणेदोन वर्षांनी. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. नियम कडक असावेत, दुमत नाही. गाडीचं इंजिन बंद पडलं तर आपण बाजूला घेतो. वर बाजू नसते. पण कडक नियम आणि नसलेली वाट, यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात माणूस शिकतो, दुसऱ्यात तो नुसताच थांबतो.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. म्हणजे उपनगरांना विमान नवं नाही. विमान उघडून बघायची सवय मात्र आपल्याला लागली नाही. ती लागली, तर पुढची गच्ची मुलुंडचीही असेल, घाटकोपरचीही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.