भिंतीवरच्या दोन खुणा

शाळेच्या व्हरांड्याची एक भिंत मी सत्तावीस वर्षं खडूनं रंगवली. नव्या वर्षात व्हॉलीबॉलच्या संघासाठी मुलं गोळा झाली, की एकेकानं भिंतीला बाजू देऊन उभं राहायचं. हात वर ताणून बोटाला लावलेल्या खडूची एक खूण करायची, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर मी पट्टीनं मोजायचो आणि वहीत लिहायचो. ते दीड फुटाच्या पुढे गेलं तर मुलगा जाळीपाशी. नाही तर मागच्या रांगेत, किंवा सरळ घरी. "उडी उपजत असते, शिकवून येत नाही," असं मी मुलांना ठणकावून सांगत असे. ज्या विषयावर माझं पोट होतं, त्याबद्दल इतकं चुकीचं वाक्य मी इतकी वर्षं कसं बोलत राहिलो, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला छळू लागला. त्यातूनच मी उडीचा इतिहास वाचू लागलो. आज तो तुम्हाला सांगणार आहे, आणि त्यात माझीही एक चूक सांगायची आहे.

भिंतीवरच्या या परीक्षेला एक नाव आहे. डॉ. डडली सार्जंट हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे कितीतरी वर्षं प्रमुख होते. माणसाची ताकद मोजायची तर एकच साधी कसोटी कोणती, यावर त्यांनी १९२१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं उत्तर होतं, जागच्या जागी मारलेली उभी उडी. कारण त्यात नुसतं बळ मोजलं जात नाही. आपलंच वजन किती झटक्यात उचलता येतं, ते मोजलं जातं. पुढे खडूच्या खुणांची रीत रूढ झाली आणि जगभरच्या शाळांमध्ये तिला 'सार्जंट जंप' म्हणू लागले. आज माणूस कुठे आहे एवढंच ही कसोटी सांगते. उद्या तो कुठे पोहोचेल, हे ती सांगत नाही. पण पट्टी हातात आली की मास्तराला हा फरक विसरायला वेळ लागत नाही. मी तर पार विसरलो होतो.

खरं तर सार्जंट यांच्या निबंधाच्या वीस वर्षं आधीच एका माणसानं 'उपजत' या शब्दाची हवा काढून टाकली होती. त्याचं नाव रे यूरी. जन्म १८७३, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. लहानपणी त्याला पोलिओ झाला आणि चाकांच्या खुर्चीत बसायची वेळ आली. पायांत जीव यावा म्हणून तो व्यायाम करू लागला आणि वर्षानुवर्षं करत राहिला. त्या काळी ऑलिंपिकमध्ये न धावता, उभ्या जागेवरून मारायच्या उड्यांच्या स्पर्धा असत. १६ जुलै १९०० रोजी पॅरिसमध्ये यूरीनं अशा तीन स्पर्धा एकाच दिवसात जिंकल्या. त्यातली उंच उडी होती सुमारे १.६५ मीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट पाच इंच, आणि तीही एक पाऊलसुद्धा न धावता! १९०० ते १९०८ या काळात त्यानं ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं मिळवली. लोक त्याला 'मानवी बेडूक' म्हणत. या बेडकाचे पाय एकेकाळी जमिनीवर टेकतही नव्हते, हे माझ्या वहीतल्या 'मागची रांग' या शेऱ्याखाली कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

पायांतली ताकद कमावता येते, हे यूरीनं दाखवलं. ती शास्त्रशुद्ध रीतीनं कशी कमवायची, हे पुढे सोव्हिएत रशियातून समजलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉन थॉमसचं, असं सगळे धरूनच चालले होते. २.२२ मीटरचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता. प्रत्यक्षात तो तिसरा आला. पहिल्या दोन जागा सोव्हिएत खेळाडूंनी घेतल्या, आणि त्यातला दुसरा होता अठरा वर्षांचा व्हॅलेरी ब्रुमेल. प्रशिक्षक व्लादिमीर द्याचकोव्ह यांनी त्याच्याकडून एक गोष्ट करून घेतली होती, जी तेव्हा अनेक देशांत निषिद्धच समजली जाई. खांद्यावर लोखंडी बारबेल घेऊन तो भारी वजनाच्या बैठका मारत असे. वजनं उचलली की अंग आखडतं, चपळाई जाते, अशी तेव्हाची पक्की समजूत. मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला तेव्हा आम्हालाही हेच शिकवलं गेलं. इकडे ब्रुमेल मात्र विक्रम मोडत चालला होता. १९६१ मध्ये २.२३ मीटर आणि २१ जुलै १९६३ रोजी मॉस्कोत २.२८ मीटर. १९६४ साली टोकियोत त्याला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. अखेर डॉ. इलिझारोव्ह यांच्या उपचारांनी पाय उभा राहिला, आणि ब्रुमेलनं पुन्हा दोन मीटरपलीकडे उडी मारून दाखवली. विक्रम पुन्हा झाला नाही, पण मला ही उडी त्याच्या विक्रमांहून मोठी वाटते.

आपल्याकडे तालमीत बैठका होत्याच की, असं कुणी म्हणेल. होत्या, आणि आहेत. पण पैलवान बैठका मारतो त्या शेकड्यांनी. त्यातून दम येतो, मांड्या पीळदार होतात. उडीला लागते ती झटक्याची ताकद. त्यासाठी वजन जास्त, आवर्तनं थोडी आणि मध्ये भरपूर विश्रांती, असा उलटा हिशेब असतो.

आता तंत्राकडे वळू. पूर्वी आडव्या बारवरून खेळाडू कात्रीसारखे पाय टाकत जात, नंतर पोट खाली करून बारवर लोळण घेतल्यासारखे जाऊ लागले. या दुसऱ्या पद्धतीला स्ट्रॅडल म्हणतात. ब्रुमेल याच पद्धतीनं उडी मारायचा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या डिक फॉसबरी या शाळकरी मुलाला काही केल्या ती जमेना. म्हणून तो जुन्या कात्रीकडे परतला आणि १९६३ पासून हळूहळू मागे रेलत, पाठ बारकडे करून उडी मारू लागला. लोक हसले. २० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिकोत त्यानं २.२४ मीटरचा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्णपदक नेलं. ही पद्धत पुढे 'फॉसबरी फ्लॉप' म्हणून प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे कॅनडातली डेबी ब्रिल ही मुलगीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच उडीपर्यंत पोहोचली होती.

या उडीतली खुबी अशी. पाठीची कमान केली की आधी डोकं, मग कंबर, शेवटी पाय असं एकेक अंग बारवरून जातं. बाकीचं शरीर तेव्हा बारच्या खाली लोंबतं. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य बारच्या खालून गेला तरी माणूस वरून जाऊ शकतो. म्हणजे तितक्याच ताकदीत जास्त उंची. पण हे तंत्र आधी कुणाला का सुचलं नाही, याचं उत्तर बारच्या वर सापडत नाही. ते खाली आहे. पूर्वी उडी मारून वाळूत किंवा लाकडाच्या भुशात उतरावं लागे. तिथे मानेवर पडणं म्हणजे जिवाशी खेळ. फोमच्या जाड गाद्या आल्या आणि पाठीवर पडायची सोय झाली, तेव्हा कुठे ही उडी सर्वांची झाली. खाली उतरण्याची व्यवस्था झाली, आणि मग माणूस आणखी वर गेला. हे वाक्य मला फार उशिरा कळलं.

ते उशिरा का कळलं, ते सांगतो. रशियात युरी व्हर्खोशान्स्की नावाचे तिहेरी उडीचे प्रशिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं, की उडी घेताना पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा वेळात स्नायूला आपली सगळी ताकद काढताच येत नाही. नुसत्या बैठका पुरत नाहीत त्या इथे. मग त्यांनी उंचवट्यावरून खाली उतरून, जमिनीला पाय लागताक्षणी वर झेप घ्यायचा व्यायाम तयार केला. उतरताना स्नायू झटक्यानं ताणला जातो आणि रबरासारखा उलट उसळतो. या 'आघात पद्धती'वर त्यांनी १९६० च्या दशकात लिहिलं. १९७५ मध्ये फ्रेड विल्ट या अमेरिकी प्रशिक्षकानं अशा व्यायामांना 'प्लायोमेट्रिक्स' हे नाव दिलं आणि ते जगभर पसरलं. व्हर्खोशान्स्कींनी उंचवट्याची मापं दिली होती ७५ सेंटिमीटर आणि १.१० मीटर. पण ती मुरलेल्या खेळाडूंसाठी होती, आधी वजनांवर पाया पक्का केलेल्यांसाठी, आणि तीही मोजक्याच उड्यांची.

माझ्या हाती १९८७ साली आला तो यातला एक लेख. त्यातली उंची मी वाचली, अट नजरेआड केली. 'उडी उपजत' म्हणणारा मी एका रात्रीत 'उडी युक्तीनं येते' म्हणू लागलो. शाळेचं स्टेज साधारण कमरेइतकं उंच होतं, खाली शहाबादी फरशी. तिथून मी आठवी-नववीच्या मुलांना रोज पन्नास-पन्नास उड्या मारायला लावल्या. त्यातला एक मुलगा फार गुणी होता. तीन आठवड्यांत त्याच्या दोन खुणांमधलं अंतर दोन बोटांनी वाढलं, आणि मी वर्गावर्गात सांगत सुटलो. महिन्याभरानं त्याचे वडील शाळेत आले. हात जोडून म्हणाले, "सर, पोरगं रात्री गुडघा धरून बसतंय. तुम्हाला सांगू नका म्हणतोय." गुडघ्याच्या वाटीखाली सूज होती. वाढत्या वयाचं हाड इतका मार सोसू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जिल्ह्याची निवड चाचणी हुकली, आणि पुढे त्यानं खेळच सोडला. मागे एका लग्नात भेटला. माझ्या पाया पडला, "सर, बरे आहात ना?" म्हणाला, आणि मांडवाच्या तीन पायऱ्या कठडा धरून, तिरका होऊन उतरला. मी बघत राहिलो.

म्हणून माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकांना आणि आईवडिलांना सांगावंसं वाटतं, की या इतिहासातून युक्त्या उचलू नका, क्रम उचला. पहिलं शिकवायचं ते उतरणं. पायांचा आवाज न करता, गुडघे आत न झुकू देता, कंबर मागे नेऊन, मातीवर किंवा हिरवळीवर. मग तंत्र. झटकन खाली बसून थांबा न घेता वर उठायचं आणि हात मागून पुढे जोरात फेकायचे. नुसत्या हातांच्या झोक्यानं उभ्या उडीची उंची दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि यात इजेचा धोका फारसा नाही. त्यानंतर बैठका, एका पायावर चढणं-उतरणं, दोरीवरच्या उड्या. वजनं त्याच्यापुढे, जाणकाराच्या देखरेखीखाली. उंचवट्यावरून उतरण्याचा व्यायाम सगळ्यात शेवटी, तोही कमी उंचीचा, आठवड्यातून एक-दोनदा, विश्रांती घेत घेत. याला महिने लागतात, कधी वर्षं. यूरीला किती लागली असतील, याचा विचार करा.

शेवटी आपल्या मातीतली एक गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे उंच उडी शिकला तेव्हा गावात महागडी गादी नव्हती. त्याच्या शिक्षकांनी मक्याचा भुसा वगैरे शेतातला टाकाऊ माल भरून गादी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत सर्वेश सहावा आला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. त्याची उडी होती २.२८ मीटर, म्हणजे १९६३ मधल्या ब्रुमेलच्या जागतिक विक्रमाइतकीच.

तो सामना मी घरी बसून पाहिला. सर्वेशच्या उडीचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं. पण माझ्या मनात राहिले ते त्याचे शिक्षक. पोरानं उडी मारायच्या आधी त्यांनी त्याच्या पडण्याची सोय केली होती. माझ्याकडे स्टेज होतं, लेख होता, पट्टी होती. शाळेमागच्या शेतात भुसाही पडलेला असायचा. तो आणून फरशीवर टाकावा, एवढंच मला सुचलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)