न दिलेल्या उत्तराचा हिशेब

शंभर बायकांना विचारलं, तुम्हाला किती मुलं हवीत? समजा, पंच्याण्णव जणी म्हणाल्या, दोन. उरलेल्या पाच जणी म्हणाल्या, ते काय आपल्या हातात आहे, देव देईल तेवढी. उत्तर अंकात आलं नाही, म्हणून प्रश्नावलीत त्यांच्यापुढे ९६ हा कोड पडतो. आता संगणकाला सरासरी काढायला सांगितली आणि ९६ म्हणजे काय हे सांगायचं राहिलं, तर उत्तर येतं ६.७. दोनवर थांबू पाहणाऱ्या बायकांच्या नावावर जवळजवळ सात मुलं जमा होतात.

माझ्या धंद्याचा इतिहास सांगायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. सांख्यिकी प्रोग्रॅमिंगचं मुंबईच्या उपनगरांतलं एक टोक देवनारला आहे आणि दुसरं अंधेरीला. मी राहते घाटकोपरला, दोन्हींच्या मधे. आधी हार्बर लाइनवरच्या गोवंडीला उतरून लोकसंख्येच्या पाहण्यांवर काम केलं, पुढे ३४० नंबरच्या बसने अंधेरीला जाऊन औषधांच्या चाचण्यांवर.

देवनारची गोष्ट जुनी. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून १९५६ मध्ये चेंबूर-देवनार भागात लोकसंख्या अभ्यासाचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र काढलं. आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. त्या काळातली माहिती म्हणजे ऐंशी रकान्यांचं छिद्रांचं कार्ड. वयाला दोन रकाने, मुलांच्या संख्येला दोन, धर्माला एक. उत्तर मिळालं नाही तर रकाना कोरा ठेवावा, असं कोणालाही वाटेल. पण तेव्हाची फोरट्रान ही संगणकाची भाषा कोरी जागा शून्य म्हणून वाचायची. मुलं किती, या प्रश्नाला बाईने उत्तर दिलं नाही, की ती निपुत्रिक ठरायची. म्हणून रकाने नवांनी भरायची रीत पडली: एक रकाना असेल तर ९, दोन असतील तर ९९, तीन असतील तर ९९९. अडचणीतून निघालेली ही युक्ती कार्डं गेली तरी टिकून राहिली.

नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल यांचं एसपीएसएस या सांख्यिकी प्रोग्रॅमवरचं पुस्तक १९७० मध्ये आलं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवणारं ते पुस्तक होतं, आणि कोणते आकडे हे आकडे नाहीत, हे मशीनला आधीच बजावून ठेवणारी 'मिसिंग व्हॅल्यूज' ही आज्ञा एसपीएसएसमध्ये होती. मला शिकवणाऱ्या मॅडम कुठल्याही नव्या फाइलवर पहिलं काम हेच करून घेत. "अगं, सरासरीची घाई कसली? आधी प्रत्येक रकान्याची वारंवारता काढ, शेवटच्या ओळी वाच." शेवटच्या ओळी अशासाठी, की ९६, ९८, ९९ तिथेच येऊन बसलेले असतात.

देवनारच्या संस्थेच्या देखरेखीखाली पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ मध्ये झाली. त्यात कधी ना कधी लग्न झालेल्या ८९,७७७ बायकांच्या मुलाखती झाल्या. या प्रकारच्या पाहण्यांनी नुसत्या ९९वर भागवलं नाही, आणि माझ्या मते या धंद्यातलं हे सर्वांत विचारी काम आहे. प्रश्न त्या बाईला लागूच नव्हता, तर जागा कोरी. तिने 'माहीत नाही' सांगितलं, तर ९८. उत्तर बाकीच्या माहितीशी जुळत नाही, तर ९७. विचारायला हवं होतं आणि उत्तर नोंदलंच गेलं नाही, तर ९९. बाळ कधी गेलं हे आठवत नसलेली आई आणि जिला तो प्रश्न विचारायचा राहून गेला ती आई, या दोघी एक नव्हेत. पाहणीने हा फरक जपला. तो पुसून टाकायचा अधिकार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नाही.

अंधेरीचं काम वेगळ्या कारणाने वाढलं. औषधांच्या चाचण्यांचे नियम २०१९ पर्यंत ज्यात होते, त्या शेड्यूल 'वाय'मध्ये २००५ च्या जानेवारीत बदल झाले आणि परदेशांबरोबरच भारतातही चाचण्या घेणं सोपं झालं. अंधेरी, पवई भागातल्या कंपन्यांना सॅस हा सांख्यिकी प्रोग्रॅम येणारी मुलं हवी होती. टेबलावर बहुधा दोन पुस्तकं असत: लोरा डेलविश आणि सुझन स्लॉटर यांचं १९९५ चं 'लिटल सॅस बुक' आणि माहितीच्या साफसफाईवरचं रॉन कोडी यांचं १९९९ चं. डेलविश-स्लॉटर यांचं पुस्तक मला जास्त जवळचं. पानं थोडी आणि लिहिणं सरळ, नवख्याला न घाबरवणारं.

सॅसमध्ये नसलेला आकडा म्हणजे एक टिंब, आणि ते टिंब कुठल्याही आकड्यापेक्षा लहान धरलं जातं. 'वय १८ पेक्षा कमी' असलेले रुग्ण मागितले, की ज्यांचं वय नोंदलेलंच नाही तेही मुलांमध्ये येऊन बसतात. स्टाटा या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेमकं उलटं: तिथे टिंब सर्वांत मोठं, म्हणून 'वय ६० पेक्षा जास्त' मागितलं, की तेच लोक म्हातारे होतात. देवनारला स्टाटा वापरून अंधेरीला आलेल्या मुलांना हे मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देत असे. चाचणीत हा घोटाळा झाला, तर औषधाची मात्रा चुकीच्या वयोगटावर तपासली जाते. म्हणूनच या धंद्यात एकच तक्ता दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचा प्रोग्रॅम न पाहता लिहायचा आणि मग दोन्ही निकाल मशीनवर ताडून पाहायचे, ही पद्धत रुजली. खर्च दुप्पट होतो, आणि तो योग्य आहे.

'आर'ची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. आपल्याकडे सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं 'स्टॅटिस्टिक्स यूझिंग आर' २००८ मध्ये निघालं. फुकट मिळणाऱ्या या भाषेचं पुण्यातल्या शिक्षकांनी लिहिलेलं पुस्तक हातात आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. 'आर'चा स्वभाव मला आवडतो: एक उत्तर जरी नसलं, तरी ती सरासरी द्यायचं नाकारते. गाळून टाकायचं असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

पण पुढच्या पायरीवर तीच भाषा सैल पडते. एखाद्या गोष्टीची कारणं शोधायला समीकरण बसवलं, की ज्यांच्या ओळीत एक जरी उत्तर कमी, त्या सगळ्या ओळी ती स्वतःहून वगळते आणि निकालाखाली बारीकशी नोंद ठेवते, इतक्या नोंदी वगळल्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, ७,२४,११५ बायका होत्या. त्यात काही हजार वगळल्या गेल्या, तर टक्केवारी किरकोळ दिसते. मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना त्या वगळलेल्यांचा वेगळा तक्ता करायला लावते: जिल्हा कोणता, शिक्षण किती, घरात पाण्याचा नळ आहे का, मुलाखतीच्या वेळी कोणी बाई शेजारी बसली होती का. पाहणीच्या फॉर्मवर दुसरं कोण हजर होतं याचीही नोंद असते. तो तक्ता अहवालाच्या परिशिष्टात नव्हे, पहिल्या प्रकरणात लावायचा.