एकच गोळा, अनेक गाड्या

वऱ्हाडांत मूर्तिजापूर जंक्शनापासून एक अरुंद लोहमार्ग अचलपुरास व दुसरा यवतमाळास जात असे. त्यावरील ‘शकुंतला’ गाडीस 1994 पर्यंत वाफेचें इंजिन होतें. मार्ग एकेरी असला म्हणजे दोन गाड्या समोरासमोर येऊं न देणें हाच त्याचा पहिला नियम. इंग्लंडांत नॉर्विचजवळ थॉर्प येथें 1874 सालीं तारेच्या निरोपांतील घोंटाळ्यामुळें हा नियम मोडला आणि सुमारें 25 माणसें दगावलीं. पुढें 1878 सालीं एडवर्ड टायर यानें असें यंत्र काढलें कीं, दोन स्थानकांमधील मार्गाची खूण एका वेळीं एकाच चालकाच्या हातीं पडावी. भारतांतील पुष्कळ एकेरी मार्गांवर ही खूण धातूच्या गोळ्याच्या रूपानें रूढ झाली. गोळा हातीं नाहीं, तर गाडी हलावयाची नाहीं.

हाच प्रश्न संगणकापुढेंहि उभा राहिला. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यानें 1965 सालीं त्यावरील उपाय प्रसिद्ध केला. त्यानें योजिलेल्या एका साधनाचें ‘सेमाफोर’ हें नांवहि रेल्वेच्या सिग्नलाचेंच आहे.

वेब-सर्व्हरांच्या आरंभीं, 1993 च्या सुमारास, ‘सीजीआय’ पद्धतींत प्रत्येक मागणीसाठीं स्वतंत्र आज्ञावली सुरू होई व काम संपतांच तिची स्मृति पुसली जाई. ही रीत निर्धोक, पण मंद होती. म्हणून त्याच दशकाच्या मध्यास मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांत ‘आयसॅपी’ जातीच्या जोड-आज्ञावल्या आल्या. त्या एकदां स्मृतींत शिरल्या कीं तेथेंच राहत, व अनेक धागे, म्हणजे थ्रेड, त्यांतून एकाच वेळीं धांवत. वेग वाढला, परंतु ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे साऱ्या आज्ञावलीस खुला असलेला स्मृतीचा कप्पा, आतां सर्व धाग्यांचा सामाईक झाला.

समजा, अमरावती विभागाचा परीक्षा-निकाल लागला आहे. अकोल्याच्या विद्यार्थ्याचा क्रमांक अशा कप्प्यांत ठेवला गेला. गुण शोधण्यापूर्वींच अमरावतीच्या विद्यार्थ्याचा क्रमांक त्यावर लिहिला गेला. मग पहिल्यास दुसऱ्याचे गुण दिसतात! एकटा परीक्षक तपासूं लागला, तर दोष मुळींच आढळत नाहीं. तो गर्दीच्या दिवशींच उघडकीस येतो.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. सर्व्हरांच्याहि पूर्वीं, 1985 ते 1987 या काळांत अमेरिका व कॅनडा येथें ‘थेरॅक-25’ या किरणोपचार-यंत्रानें सहा रुग्णांस भयंकर मात्रा दिली व त्यांपैकीं कांहीं मृत्यु पावले. सामाईक कप्प्यांवर दोन कामांनीं अनिर्बंध हात घालणें, हें त्यामागील एक कारण ठरलें.

उपाय दोन आहेत. जें एका मागणीपुरतें आहे, तें त्या धाग्याच्या खासगी कप्प्यांतच ठेवावें. जें खरोखर सर्वांचें आहे, उदाहरणार्थ एकूण भेटींची मोजणी, त्यास कुलूप घालावें. कारण दोन धाग्यांनीं एकाच वेळीं शंभर वाचून एकशेंएक लिहिलें, तर एक भेट हरवते. मात्र कुलुपें फार झालीं, तर वेगाचा लाभ जातो. आणि एकमेकांच्या कुलुपाची वाट पाहणारे दोन धागे कायमचेच थांबतात. म्हणून सामाईक वस्तु थोड्या ठेवणें, हेंच खरें शहाणपण होय.